छोट्या व्यवसायांची ऑनलाइन दृश्यमानता

एखादा व्यवसाय इंटरनेटवर शोधणाऱ्याला किती सहज सापडतो, सापडल्यावर त्याची माहिती कितपत खरी व पुरेशी असते आणि ती वाचून गिऱ्हाईक फोन करते किंवा दुकानाची वाट धरते की नाही, या सगळ्याला मिळून व्यवसायाची ऑनलाइन दृश्यमानता म्हणतात. मोठ्या कंपन्या याचा विचार देशभरातील प्रसिद्धीच्या अंगाने करतात. चिंचवडच्या सायकल दुरुस्तीवाल्याला मात्र चेन्नईत नाव होऊन काही मिळत नाही. दोन-तीन किलोमीटरच्या आत ज्याची सायकल पंक्चर झाली आहे, त्याच्या मोबाइलवर त्याच घटकेला तो दिसला पाहिजे. केंद्र सरकारच्या १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार अडीच कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग ‘सूक्ष्म’ ठरतो. प्रस्तुत नोंदीतले किराणा दुकानदार, केटरर, खाणावळी, शिंपी, घरगुती फराळवाले या मर्यादेच्या कितीतरी खाली असतात. त्यांच्याकडे जाहिरात विभाग नसतो. जे करायचे ते गल्ल्यावर बसून, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात करावे लागते.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रातील छोटे व्यापारी इंटरनेटपूर्वी वृत्तपत्रांतील छोट्या जाहिराती, रिक्षावरचा भोंगा, देवळातल्या उत्सवाची स्मरणिका आणि दिनदर्शिका यांवर भिस्त ठेवून होते. १९७३ मध्ये ‘कालनिर्णय’ सुरू झाले, पुढे दिनदर्शिका घरोघर भिंतीवर आली आणि तिच्या तळाशी आपले नाव-पत्ता छापून ती गिऱ्हाइकांना वाटण्याची पद्धत रुळली. दुकानाचे नाव वर्षभर स्वयंपाकघरात टांगून ठेवण्याचा इतका स्वस्त उपाय त्यानंतर क्वचितच सापडला असेल. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या जस्टडायलने ही माहिती फोनवर आणली. पुढे आठ हा एकच आकडा दहा वेळा दाबला की पलीकडून प्लंबरांची नावे सांगितली जात. त्याच वर्षी घाऊक व्यापाऱ्यांसाठी इंडियामार्ट सुरू झाले. गूगल मॅप्स २००५ मध्ये आले. गूगलवरील व्यवसायनोंदीची नावे मात्र बदलत राहिली. २०१४ पासून ती ‘गूगल माय बिझनेस’ होती, नोव्हेंबर २०२१ पासून ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ आहे. दुकानदार सरसकट ‘मॅपवर टाकणे’ म्हणतात आणि तेच सोयीचे आहे.

नकाशावरील नोंद : स्थानिक व्यवसायासाठी फुकट आणि सर्वांत फलदायी काम हेच असल्याने त्याची चर्चा येथे विस्ताराने केली आहे. जवळपासचे निकाल कोणत्या क्रमाने दाखवायचे हे गूगल तीन गोष्टींवरून ठरवते : विचारलेल्या गोष्टीशी नोंद किती जुळते, शोधणारा किती अंतरावर आहे आणि व्यवसायाला किती ख्याती आहे. अंतर दुकानदाराच्या हातात नाही. ख्याती सावकाश वाढते. पहिली बाब मात्र एका दुपारी सुधारता येते आणि नेमकी तीच बहुतेकांची कच्ची असते. मुख्य व्यवसायप्रकार एकच निवडता येतो, त्याला जोड म्हणून आणखी नऊ. उकडीचे मोदक आणि पुरणपोळ्या विकणाऱ्याने मुख्य प्रकार म्हणून ‘रेस्टॉरंट’ निवडले, तर तो परिसरातील प्रत्येक हॉटेलाशी स्पर्धा ओढवून घेतो आणि मोदक शोधणाऱ्याला दिसत नाही. घरून डबे देणारे, आचारी, इलेक्ट्रिशियन यांना पत्ता झाकून फक्त सेवेचा परिसर दाखवता येतो. असे जास्तीत जास्त २० परिसर नोंदवता येतात.

नोंद आपलीच आहे हे सिद्ध करण्यासाठी पूर्वी सांकेतिक क्रमांक छापलेले पोस्टकार्ड यायचे. गल्लीबोळातल्या पत्त्यावर ते कधी पोहोचायचे, कधी नाही. आता बहुधा मोबाइलवरचे सलग, न कापलेले चित्रीकरण मागितले जाते. रस्त्यावरून सुरुवात करायची, शेजारची ओळखीची खूण दाखवायची, मग दुकानाची पाटी. त्यानंतर कुलूप काढून शटर वर करायचे आणि आत जाऊन माल, वजनकाटा, गल्ला दाखवायचा. कुलूप स्वतः काढण्याला महत्त्व आहे. दुकान चालवणारा माणूस हाच, हे त्यावरून ठरते. पाटीवरचे नाव आणि भरलेले नाव वेगळे निघाले, तर अर्ज इथेच अडकतो.

नावाचा घोळ मराठी दुकानांच्या बाबतीत खास आहे. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीने लहान दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्या मराठी झाल्या, पण नकाशावरची नावे अनेक ठिकाणी रोमनमध्येच राहिली आणि त्यांतही ‘श्री’ तीन तऱ्हांनी लिहिलेला. एकाच तालुक्यात ‘श्री स्वामी समर्थ’ नावाची डेअरी, मेडिकल आणि झेरॉक्स सेंटर असणे यात काहीच नवल नाही. अशा वेळी नाव, पत्ता आणि फोन सगळीकडे तंतोतंत सारखे ठेवणे हाच उपाय : नकाशा, जस्टडायल, फेसबुक, बिल, व्हिजिटिंग कार्ड. काही जण नावातच ‘अन्नपूर्णा केटरर्स, डोंबिवलीतील सर्वोत्तम केटरर्स’ असे भरताड घालतात. हे नियमबाह्य आहे. कोणी तक्रार केली, तर नाव बदलले जाते किंवा नोंद गोठवली जाते.

वेळा हा दिसायला किरकोळ पण भांडणाचा भाग. पुण्यातील दुकानांच्या दुपारी १ ते ४ बंद राहण्यावर भरपूर विनोद झाले आहेत. पण ज्या दुकानदाराने ती सुट्टी दोन स्वतंत्र वेळा भरून नोंदवली आहे, त्याच्यावर कोणी चिडत नाही. बंद शटरसमोर उन्हात उभा राहिलेला माणूस तिथेच एक स्टार देतो. गणपती, दिवाळी, मतदानाचा दिवस यांसाठी विशेष वेळा वेगळ्या भरता येतात. छायाचित्रांबाबत एवढेच सांगता येईल की दरफलकाचा स्वच्छ, वाचता येणारा फोटो उद्घाटनाच्या हारतुऱ्यांपेक्षा जास्त कामाचा असतो.

परीक्षणे : बोलीभाषेत ‘रिव्ह्यू’. संख्या आणि सरासरी यांना महत्त्व आहेच, पण मजकुरालाही आहे. गिऱ्हाइकाने ‘भाजणीची चकली खुसखुशीत’ असे लिहिले असेल, तर भाजणीची चकली शोधणाऱ्यापुढे ते वाक्य नोंदीखाली उमटू शकते. म्हणून ‘पाच स्टार द्या’ असे सांगण्यापेक्षा ‘काय घेतलंत तेवढं लिहा’ अशी विनंती जास्त शहाणपणाची. सवलत किंवा भेट देऊन रिव्ह्यू मागणे गूगलच्या नियमांत बसत नाही, खूश गिऱ्हाइकांनाच गाळून विचारणेही नाही. भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन परीक्षणांसाठी ‘आयएस १९००० : २०२२’ हे मानक काढले, ते २५ नोव्हेंबर २०२२ पासून अमलात आले. ते ऐच्छिक असले तरी विकतचे रिव्ह्यू ही फसवणूक आहे, हे त्याने नियमांच्या भाषेत मांडले. वाईट रिव्ह्यूला दिलेले उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढे वाचणाऱ्या शंभर जणांसाठी असते. तिथे वाद घालणारा दुकानदार वाद जिंकतो आणि ते शंभर जण गमावतो.

भाषा व हंगाम : मराठी माणूस शोधताना देवनागरी, रोमन लिपीतली मराठी आणि इंग्रजी यांची मिसळ करतो. २०१७ पासून गूगलवर मराठीत बोलूनही शोधता येते. तेव्हा वेबसाइटवर किंवा नोंदीच्या ७५० अक्षरांच्या वर्णनात गिऱ्हाईक तोंडाने जे म्हणते तेच शब्द हवेत. ‘पारंपरिक मिष्टान्न समाधान’ असे कोणी शोधत नाही, ‘उकडीचे मोदक घरपोच’ असे शोधतात. हे शब्द वेळेवरही असावे लागतात. मोदकांचा मजकूर चतुर्थीच्या आदल्या दिवशी टाकून उपयोग नसतो, कारण तो शोधयंत्राच्या साठ्यात यायलाच वेळ लागतो. दिवाळीचा फराळ अमेरिका, ब्रिटन, आखाती देशांतल्या नातेवाइकांना पाठवायचा, तर पार्सलचे दिवस धरून दिवाळीच्या कितीतरी आधी चौकशी सुरू होते. ज्यांच्या पानावर वजन, दर, टिकण्याचे दिवस आणि शेवटची बुकिंग तारीख स्पष्ट असते, त्यांना फोनवर तेच तेच सांगावे लागत नाही.

हापूसमध्ये अडचण उलटी आहे. सापडणे सोपे, पण खरा कोण हे ठरणे अवघड. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर हे जिल्हे येतात. तरी ‘देवगड हापूस’ नावाने दुसरीकडचा आंबा विकला जातोच. त्यामुळे बागायतदाराला मानांकनाखालची आपली नोंदणी, बागेचे गाव, पेटीतली डझनांची संख्या आणि मोहोरापासून काढणीपर्यंतचे फोटो दाखवावे लागतात. खाद्यपदार्थ विकणाऱ्याचा १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक पानावर दिसला, तर अनोळखी गिऱ्हाइकाला धीर येतो.

समाजमाध्यमे : टिकटॉकवर २९ जून २०२० रोजी बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या. पैठणीच्या काठावर मोर कसा विणला जातो, हे अर्ध्या मिनिटात दाखवणारे येवल्याचे विणकर दूरच्या गिऱ्हाइकाच्या नजरेत येतात. नळ दुरुस्त करणाऱ्याला त्याचा फारसा लाभ नाही. रील पाहणाऱ्याचा नळ त्या वेळी गळत नसतो. व्हॉट्सॲप बिझनेस जानेवारी २०१८ मध्ये आले. त्यातला कॅटलॉग आणि ठरावीक उत्तरे चांगली उपयोगी पडतात. एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण घेता येतात, पण ज्यांनी दुकानाचा नंबर आपल्या फोनमध्ये जपून ठेवला आहे त्यांनाच निरोप पोहोचतो. ‘माझं कोणी वाचतच नाही’ या तक्रारीमागे अनेकदा एवढेच कारण असते. विचारल्याशिवाय रोज सकाळी सुविचाराबरोबर दरपत्रक पाठवणारा दुकानदार मात्र गिऱ्हाइकाच्या फोनमधून ब्लॉक होऊन जातो.

भाड्याची जागा : वरील सर्व ठिकाणे दुसऱ्याच्या मालकीची आहेत. टिकटॉकवर जमवलेले चाहते एका आदेशाने गेले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकाच वेळी सुमारे सहा तास बंद पडले, त्या वेळात केवळ तिथेच ऑर्डर घेणाऱ्यांना हात जोडून बसावे लागले. गूगलने व्यवसायनोंदीसोबत फुकट दिलेल्या छोट्या वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. पाटीवर आणि कार्डावर तो पत्ता छापून घेतलेल्यांचा छपाईखर्च वाया गेला. खाद्यपदार्थ घरपोच देणाऱ्या ॲपवर हॉटेल दिसते खरे, पण गिऱ्हाइकाचा फोन नंबर हॉटेलकडे येत नाही. कमिशन आणि गिऱ्हाइकांची माहिती यांवरून हॉटेलचालकांच्या संघटनेने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली आणि २०२२ मध्ये आयोगाने चौकशीचा आदेश दिला. या परिस्थितीत स्वतःच्या नावाचे डोमेन आणि संमतीने जमवलेली गिऱ्हाइकांची यादी यांचे मोल वाढते. डोमेनचा वर्षाचा खर्च बहुधा एका मध्यम जेवणाच्या बिलाइतका असतो. ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ डोमेन मिळते. ते दिसायला देखणे असले, तरी ईमेल आणि काही फॉर्म अजून त्याला अडतात, म्हणून सोबत रोमन पत्ताही ठेवलेला बरा. वेबसाइट दहा पानांची नसली तरी चालते. ती साध्या मोबाइलवर पटकन उघडली पाहिजे, कारण गूगल आता पानाची मोबाइलवरची आवृत्तीच विचारात घेते.

पैसे देऊन दिसणे : गूगलची जाहिरात योजना २००० साली सुरू झाली आणि छोट्या दुकानदारालाही रोजचे दोन-चारशे रुपये मर्यादा घालून ती वापरता येते. पैसे वाया जातात ते आधीपासून निवडून ठेवलेल्या पर्यायांमुळे. ठाण्यापुरती जाहिरात लावली असे वाटते, पण मूळ पर्याय ठाण्यात असणाऱ्यांबरोबर ठाण्यात ‘रस असणाऱ्यांना’ही धरतो आणि नागपुरातला क्लिकही बिलात येतो. तो पर्याय बदलून ‘त्या ठिकाणी असलेले’ एवढाच ठेवावा. शोधजाहिरातीसोबत इतर संकेतस्थळांवरील चित्रजाहिरातींची खूण आधीच केलेली असते, तीही काढावी. ज्याची गरज तातडीची असते त्या धंद्यांना, उदाहरणार्थ कुलूपवाले, टोइंग, दातांचे दवाखाने, जाहिरात लवकर फळते. साडीच्या दुकानाला तितकी नाही.

‘गूगलमधून बोलतोय, तुमची नोंद आज बंद होईल’ असे फोन येतात, तो मात्र शुद्ध भामटेपणा. नकाशावरचा क्रम विकत मिळत नाही, असे गूगल स्वतःच सांगते. त्यामुळे ‘आठ दिवसांत पहिला नंबर’ देणाऱ्याशी बोलणे तिथेच थांबवावे. त्याला ओटीपी किंवा नोंदीचे मालकीहक्क तर मुळीच देऊ नयेत. वेबसाइट बनवणाऱ्याने डोमेन आपल्याच नावावर घेतले आणि पुढे त्याचा फोन लागेनासा झाला, ही कथा व्यापारी संघाच्या कोणत्याही बैठकीत ऐकायला मिळते.

अलीकडचे वळण : ऑगस्ट २०२४ पासून भारतात गूगल काही प्रश्नांना कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले उत्तर सर्वांत वर देते. सर्वसाधारण माहितीचे लेख लिहून वाचक ओढणाऱ्यांना याचा फटका बसतो, कारण उत्तर वरच मिळाले की दुवा उघडला जात नाही. ‘कल्याणमध्ये रविवारी उघडा असलेला चष्मेवाला’ या प्रश्नाला मात्र कुठून तरी खरी वेळ, खरा पत्ता आणि खरे रिव्ह्यू घ्यावेच लागतात. सरकारी पुढाकाराने उभे राहिलेले ओएनडीसी हे खुले जाळे दुकानदाराला एकदाच नोंदणी करून अनेक खरेदी-ॲपवर दिसण्याची सोय देते.

मोजमाप : व्यवसायनोंदीत किती जणांनी फोनचे बटण दाबले, किती जणांनी रस्ता विचारला आणि कोणते शब्द टाकून नोंद दिसली याचे आकडे फुकट मिळतात. लाइक आणि फॉलोअर यांपेक्षा हे आकडे पाहणे उपयोगी. त्यांतही गोम आहे. नंबर पाहून दुसऱ्या फोनवरून लावलेला कॉल किंवा शेजारणीला तोंडी सांगितलेला पत्ता यांत मोजला जात नाही. म्हणून काही दुकानदार बिलबुकाच्या कोपऱ्यात ‘कुठून कळलं’ याची एक खूण करून ठेवतात : म मॅपसाठी, व व्हॉट्सॲपसाठी, ओ ओळखीतून आलेल्यांसाठी. पुढच्या हंगामात जाहिरातीवर किती घालायचे, हे ठरवताना त्या खुणा ॲपच्या आलेखाशेजारी ठेवून पाहिल्या जातात.