दादरचे सरळ रस्ते आणि म्युनिकचे नळ

आपल्या मंडळात दादर, माटुंगा, हिंदू कॉलनी हे माहेर किंवा आजोळ असलेली कुटुंबे बरीच आहेत. तिथले सरळ, झाडांचे रस्ते, दोन इमारतींमधली मोकळी जागा, घरात येणारा उजेड यांचे कौतुक आपण पंगतीत नेहमी ऐकतो. वाचकहो, हे सगळे कोणा रसिक बांधकामवाल्याची देणगी नव्हे. ते प्लेगमुळे आले.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी मुंबईतला प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे बंदरालगतची वखारींची वस्ती : खाली धान्य, वर माणसे आणि उंदीर दोन्हीकडे. काही महिन्यांत लोक लाखांनी शहर सोडून गेले. १८९७ साली सरकारने साथरोगाचा कायदा केला. (२०२० साली करोनाच्या वेळी भारतात हाच कायदा पुन्हा बाहेर काढला गेला.) त्याच्या जोरावर घराघरांत झडत्या सुरू झाल्या. पुण्यात रँडसाहेबाच्या अमलाखाली काय झाले आणि २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी काय केले, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या, हे मात्र आमच्या वेळच्या पुस्तकात एका ओळीत आटोपले होते.

झडत्यांनी प्लेग हटला नाही. मग १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. जुनी दाट वस्ती पाडायची, समुद्राचा वारा आत येईल असे रुंद रस्ते काढायचे आणि उत्तरेकडे मोकळ्या जमिनीवर नवी वस्ती वसवायची, असे त्याचे काम. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे त्याचेच रस्ते. दादर-माटुंग्याची आखणीही त्याचीच, पण तिथे घरे भरली ती मुख्यतः १९२०-३० च्या दशकांत. ट्रस्टचा साडेत्रेसष्ट अंशांचा एक नियम होता. हिशेब केलात तर त्याचा अर्थ इतकाच निघतो की समोरच्या भिंतीच्या उंचीच्या निम्मी तरी जागा खिडकीपुढे मोकळी हवी. आजोळच्या घरात उजेड येतो तो असल्या भूमितीमुळे.

आता आम्हां प्रयोगशाळेतल्या लोकांना चक्रावून टाकणारी गोष्ट. ट्रस्टची मूळ समजूत चुकीची होती. प्लेग कोंदट हवेतून आणि ओलसर जमिनीतून येतो, असे धरून हे रस्ते आखले गेले. १८९८ सालीच पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवले की प्लेग उंदरावरच्या पिसवांमार्फत पसरतो, पण ते सर्वमान्य व्हायला पुढे काही वर्षे गेली. तोवर रस्ते होऊन गेले होते.

हीच कथा आपल्या या गावाशेजारीही घडली, आणि तिचा नायक रसायनशास्त्रज्ञ होता. १८५४ साली म्युनिकमध्ये कॉलरा आला. त्यात गेलेल्यांपैकी एक म्हणजे राणी तेरेसे. ऑक्टोबरफेस्ट निघाला तो १८१० सालच्या हिच्याच लग्नातून. त्या साथीनंतर माक्स फोन पेटेनकोफर कामाला लागला. त्याचे म्हणणे असे की रोगाचे बीज एकटे काही करू शकत नाही. घाणीने मुरलेली जमीन आणि खालचे भूजल त्याला बळ देतात. १८७३ साली त्याने व्याख्याने देऊन शहराला आरोग्याचा जमाखर्चच मांडून दाखवला. म्युनिकमध्ये दर हजारी ३३ माणसे मरतात, लंडनमध्ये २२; या फरकाची आजारपणे आणि बुडालेली मजुरी पैशांत किती, ते मोजा. नगरपित्यांना ही भाषा कळली. शहराखाली गटारे झाली, १८८३ पासून मांगफाल खोऱ्यातले झऱ्याचे पाणी नळाला आले, आणि टायफॉइड ओसरला. पेटेनकोफर आपल्या सिद्धांतावर इतका ठाम की १८९२ साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्याने कॉलऱ्याचे जंतू पिऊन दाखवले. पोट बिघडले, पण वाचला. जंतूंच्या बाबतीत खरा ठरला तो बर्लिनचा कोख. हा कोख १८९७ साली जर्मन प्लेग कमिशनबरोबर मुंबईतही जाऊन आला.

सिद्धांत चुकला तरी काम टिकते, हे झाले. आम्हाला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो खर्चाचा प्रश्न. ट्रस्टने नागपाड्यासारख्या भागातल्या गरिबांच्या खोल्या आधी पाडल्या, आणि पहिल्या वीसेक वर्षांत तितक्या नव्या बांधल्या नाहीत. माणसे शेजारच्या चाळींत कोंबली गेली, म्हणजे जिथून रोग हटवायचा तिथेच गर्दी वाढली. दादर-माटुंग्याचे भूखंड भाडेपट्ट्याने मिळाले ते पगारदार, शिकलेल्या कुटुंबांना. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांना. ट्रस्टने कामगारांसाठी चाळीही बांधल्या, नाही असे नाही. डॉ. आंबेडकर परळच्या बी. आय. टी. चाळीत कितीतरी वर्षे राहिले आणि १९३० च्या दशकात हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधून तिथे गेले. एकाच ट्रस्टच्या दोन टोकांमधला हा प्रवास करणारी माणसे फार नव्हती.

म्युनिकचा खर्चही कोणीतरी सोसलाच. घाण जाणार कुठे? इसार नदीत. वाहती नदी स्वतःला साफ करते, असे पेटेनकोफरचे मत होते. प्रवाहाच्या खालच्या अंगाला कोण, हे गार्चिंगकरांनी नकाशात पाहावे. म्युनिकचे पहिले मोठे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र ग्रोसलापेनला सुरू झाले ते १९२६ साली. त्याच्या जवळच फ्रोटमानिंग नावाचे खेडे होते. १९५० च्या दशकापासून तिथे शहराचा कचरा पडू लागला आणि खेडे नाहीसे झाले. उरले फक्त होली क्रॉसचे जुने चर्च. ऊ-बानने फ्रोटमानिंगला उतरलात तर पवनचक्कीची जी हिरवी टेकडी दिसते, ती त्या कचऱ्याची. टेकडीच्या पायथ्याशी २००६ साली त्या चर्चची एक प्रतिकृती अर्धी पुरलेली अशी उभी केली आहे.

वसंतातली मंडळाची सहल या टेकडीवर न्यावी असे आम्ही सुचवतो. चढ सोपा आहे, मुलांना जमेल. आणि कोणाच्या घरी ट्रस्टच्या भाडेपट्ट्याचा जुना कागद असेल तर त्याची झेरॉक्स जरूर आणावी; पुढच्या अंकात छापू.