अल्प स्मृतीचा दुभाष्या



आपल्या घरांतील कपडे धुण्याच्या यंत्राच्या पोटांत हल्लीं नखाएवढा एक गणकयंत्राचा तुकडा असतो. त्यास मायक्रोकंट्रोलर म्हणतात. हिशेब करणारा भाग आणि स्मृति हीं दोन्हीं त्या एका तुकड्यांत सामावलेलीं असतात. कामापुरती स्मृति मात्र बहुधा फार थोडी. एक बाइट म्हणजे स्थूलमानानें एका इंग्रजी अक्षराची जागा. अशीं कांहीं शें किंवा कांहीं हजार अक्षरें मावतील, एवढेंच त्याचें वैभव. अशा दरिद्री यंत्राशीं सामान्य माणसास बोलतां कसें आलें, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

यंत्रास केवळ अंकांची भाषा कळते. मनुष्याची आज्ञा तींत उतरविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला ग्रंथाच्या भाषांतराचा: सबंध लेख अगोदर भाषांतरित करावयाचा व मग तो यंत्राच्या हातीं द्यावयाचा. ह्या भाषांतरकारास, म्हणजे कंपायलरास, बैठक मोठी लागते. लहान यंत्रासाठीं तो बहुधा दुसऱ्या मोठ्या यंत्रावर बसून काम करतो. दुसरा मार्ग दरबारांतील दुभाष्याचा. तो समोरचें वाक्य ऐकतो, त्याप्रमाणें लागलीच काम करवितो आणि पुढील वाक्याकडे वळतो. ह्यास इंटरप्रिटर म्हणतात. तेंच वाक्य हजार वेळां आलें तर तो हजार वेळां अर्थ लावतो, म्हणून तो मंद. परंतु त्यास जागा थोडी पुरते, आणि विचारल्याबरोबर तो उत्तर देतो.

१९६४ सालीं अमेरिकेंतील डार्टमथ कॉलेजांत जॉन केमेनी व थॉमस कुर्ट्‌झ ह्या अध्यापकांनीं ‘बेसिक’ नांवाची सोपी भाषा निर्माण केली. शास्त्रशाखेबाहेरील विद्यार्थ्यांनाहि गणकयंत्र वापरतां यावें, हा त्यांचा हेतु. परंतु तें यंत्र मोठें व संस्थेच्या मालकीचें होतें. १९७५ च्या जानेवारींत ‘ऑल्टेअर ८८००’ हें घरीं जुळवावयाचें यंत्र जाहीर झालें. त्याची मूळची स्मृति अवघी २५६ बाइट! बिल गेट्‌स, पॉल ॲलन व मॉन्टी डेव्हिडॉफ ह्यांनीं त्याच्यासाठीं चार हजार बाइट स्मृतींत चालणारें बेसिक रचलें. तें विकत घ्यावें लागे, आणि पुष्कळांनीं तें न विकत घेतांच नकलून घेतलें. ३ फेब्रुवारी १९७६ च्या जाहीर पत्रांत गेट्‌स ह्यांनीं ह्याबद्दल कडक शब्दांत तक्रार केली. तक्रार निराधार नव्हती. ज्यानें श्रम केले त्यानें मोबदला कां मागूं नये?

परंतु दुसरा एक विचार त्यापूर्वींच अंकुरला होता. कॅलिफोर्नियांतील ‘पीपल्स कॉम्प्युटर कंपनी’ ह्या संस्थेच्या नियतकालिकांत डेनिस ॲलिसन ह्यांनीं १९७५ सालीं वाचकांना सुचविलें कीं, दुभाष्या तुम्हींच तयार करा. सातआठ वर्षांच्या मुलाला अपूर्णांकांवांचून काय अडतें? पूर्णांक घ्यावे, ए पासून झेड पर्यंतचीं सव्वीस अक्षरें एवढींच चलपदें ठेवावीं, आज्ञा मोजक्याच असाव्या. ह्या संक्षिप्त भाषेस ‘टायनी बेसिक’ म्हणतात. त्याग कशाचा करावा, हें ज्यास कळलें त्यासच अल्प जागेंत संसार मांडतां येतो, हें गृहिणींना निराळें सांगावयास नको.

वाचकांनीं आपापले दुभाष्ये रचून पाठविले. ते छापण्यासाठीं १९७६ च्या जानेवारींत ‘डॉक्टर डॉब्ज जर्नल’ हें मासिक निघालें. टॉम पिटमन ह्यांनीं आपली कृति पांच डॉलरांना विकली. ली-चेन वांग ह्यांचें ‘पालो आल्टो टायनी बेसिक’ सुमारें दोन हजार बाइटांचें. त्याच्या माथ्यावर ‘कॉपीराइट’ ऐवजीं विनोदानें ‘कॉपीलेफ्ट’ असें लिहिलें होतें. सारें लेखन उघड छापलेलें असल्यामुळें दुभाष्या अर्थ कसा लावतो, तेंहि वाचकाला अभ्यासतां आलें.

पुढें हा दुभाष्या मायक्रोकंट्रोलरांत शिरला. इंटेल कंपनीनें ८०५२ ह्या तुकड्याच्या आठ हजार बाइटांच्या कायम स्मृतींत बेसिक कोरून दिलें. २०१३ सालीं डेमियन जॉर्ज ह्यांनीं लोकवर्गणीच्या बळावर ‘मायक्रोपायथन’ हातीं घेतलें. त्यांत वाक्यें प्रथम आटोपशीर संकेतांत बदलतात आणि मग दुभाष्या ते संकेत वाचतो. २०१६ सालीं बीबीसीनें ब्रिटनमधील सुमारें दहा लक्ष शाळकरी मुलांना ‘मायक्रोबिट’ ही छोटी पाटी देण्याचा उपक्रम केला; तिची कामापुरती स्मृति केवळ १६ किलोबाइट, तरी तिजवर मायक्रोपायथन चालतें.

जेथें क्षणाच्या सहस्रांशाचा हिशेब आहे, तेथें भाषांतरकारच हवा, हें खरें. परंतु शिकणाऱ्याचें काम निराळें आहे. मुलगा एक ओळ लिहितो. दिवा लागतो किंवा लागत नाहीं. चुकलें तर ताबडतोब कळतें, ओळ बदलतां येते, आणि फळा पुसावा तितक्या सहज नवा प्रयत्न होतो. चूक व तिचें ज्ञान ह्यांमधील अंतर जितकें कमी, तितकी विद्या लवकर अंगीं मुरते, असा शिक्षकांचा जुना अनुभव आहे.

यंत्रें आतां घरोघर आलीं आहेत. त्यांचे आपण केवळ गिऱ्हाईक राहावयाचें, कीं त्यांस आज्ञा करावयाची, हा प्रश्न आपल्या मुलांपुढें आहे. दोन हजार बाइटांच्या त्या दुभाष्यानें दाखविलें कीं, आज्ञा करण्यास मोठें वैभव लागत नाहीं. समोरच्याची भाषा समजावून देणारा कोणी तरी जवळ असला म्हणजे पुरे.