किल्ला कोणाचा? चिमुकल्या हातांच्या हिवाळी खेळांचा इतिहास

जबलपूरच्या गढ्यातून तुमचा निवृत्त फौजी पुन्हा हजर आहे. मागच्या भागात आपण राणी दुर्गावतीची १५६४ सालची शेवटची लढाई पाहिली. आजचा विषय मात्र अगदी छोटा आहे, तीन वर्षांचा. थंडीच्या दिवसांत लहान मुलांबरोबर घरी काय काय बनवायचं, आणि या खेळांमागे इतिहास काय आहे.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. यंदा दिवाळीत मी नातवासाठी अंगणात मातीचा किल्ला केला. फौजेत हल्ल्याचा आदेश देण्याआधी आम्ही जमिनीवर त्या मुलखाची प्रतिकृती करतो, तिला सँड मॉडेल म्हणतात. टेकड्या, नाले, वाटा, सगळं मोजूनमापून. त्याच सवयीने मी दोन दिवस खपून रायगड उभा केला. तिसऱ्या दिवशी नातवाने आनंदाने बालेकिल्ल्यावर बैठक मारली. मी ओरडलो. त्याने दोन्ही हात पाठीमागे लपवले आणि पुढे दिवाळी संपेपर्यंत तो किल्ल्याजवळ फिरकला नाही. आमच्या सौ. एवढंच म्हणाल्या, "अहो, किल्ला कोणाचा होता? तुमचा की त्याचा?"

प्रश्न डोक्यातून जाईना. मग सवयीप्रमाणे पुस्तकं काढली आणि पहिलाच माणूस भेटला तो आपल्याच पेशातला.

जर्मनीचा फ्रीड्रिख फ्रोबेल. १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या लढाईत हा शिक्षक स्वयंसेवक म्हणून सैन्यात भरती झाला होता. पुढे १८३७ मध्ये त्याने ब्लांकेनबुर्ग गावी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं. लाकडी ठोकळे, कागदाच्या घड्या, पट्ट्यांचं विणकाम, माती. मूल हातांनी करता करता शिकतं, हे त्याचं म्हणणं. प्रशियाच्या सरकारला त्याचीही धास्ती वाटली आणि १८५१ मध्ये त्यांनी या बालोद्यानांवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला. बंदी नंतर उठली, पण ते पाहायला तो नव्हता.

दुसरी व्यक्ती मारिया माँटेसरी. १९०७ मध्ये रोममधल्या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह उघडलं. १९३९ मध्ये त्या मद्रासला आल्या आणि महायुद्धामुळे इथेच अडकल्या. इटली शत्रुपक्षात गेल्यावर इंग्रजांनी त्यांच्या मुलाला काही काळ स्थानबद्धही केलं. पण बाईंनी काम थांबवलं नाही, शेकडो भारतीय शिक्षकांना तयार केलं.

आता आपल्या माणसांकडे येऊ. माँटेसरीबाई इथे येण्याच्या कितीतरी आधी, १९२० मध्ये, भावनगरला गिजुभाई बधेकांनी बालमंदिर सुरू केलं होतं. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर कामाला लागल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंना एक गोष्ट खटकत होती. माँटेसरीची साधनं महाग, ती शहरातल्या सुखवस्तू घरांनाच परवडणार. म्हणून १९४५ मध्ये त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ तिथे त्यांच्या सोबतीला आल्या. लहानपणीच विधवा झालेल्या या बाईंनी पुढचं सगळं आयुष्य या कामाला दिलं. विकतच्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पानं, खडे, माती आली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा हिशेब. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना आज गावोगाव अंगणवाडीच म्हणतात.

मंडळी, हे वाचताना मला आपल्या घरातली थंडी आठवली. दिवाळीचा किल्ला, संक्रांतीचे हलव्याचे दागिने, बोरन्हाण. आपल्या आज्यांनी फ्रोबेल वाचला नव्हता, पण माती आणि कागद मुलांच्या हाती दिलेच होते. हलवा करायला थंडीच लागते. मंद आचेवर परातीत तीळ किंवा खसखस, वरून चमचा-चमचा पाक, आणि बोटांनी सतत फिरवणं. हवा थंड आणि कोरडी असेल तर काटा छान फुलतो. हे विस्तवाजवळचं काम मोठ्यांचं. पण दागिन्याखालचा पुठ्ठा सजवण्याचं काम मुलाचं होऊ शकतं.

या डिसेंबरात आम्ही पुन्हा सुरुवात केली. तीन गोष्टी करून पाहिल्या, तुम्हीही करा.

पहिली, गढी. चाळलेली माती, एक तांब्या पाणी, एक मोठा दगड. माती मुलानेच कालवायची. वर मोहरी किंवा अळीव पेरून रोज पाण्याचा हबका मारायचा, काही दिवसांत हिरवळ उगवते. ती पाहायला मूल सकाळी उठल्याबरोबर धावतं.

दुसरी, दागिने. आपण पुठ्ठ्याचा मुकुट कापायचा, मुलाने काळा कागद हाताने फाडून खळीने चिकटवायचा. खळ म्हणजे कणीक पाण्यात शिजवलेली, तोंडात गेली तरी चिंता नाही. हलवा नंतर आपण लावायचा. हलव्याचा दाणा, मणी आणि आठळीसकट बोर या वयाच्या मुलाच्या घशात अडकू शकतं, म्हणून ते त्याच्या हाती द्यायचं नाही.

तिसरी, ठसे. वाळलेली पळसाची पानं, गेरूचं पाणी, जुनं वर्तमानपत्र. पान बुडवायचं, दाबायचं, उचलायचं. मग स्वतःचा हात.

या तिसऱ्या खेळात मी जरा थांबलो. माझा मुलगा एवढाच असताना दोन हिवाळे मी उत्तर सीमेवर बर्फात होतो. त्याच्या हाताचा ठसा सौ.ने पत्रातून पाठवला होता, तो अजून माझ्या ट्रंकेत आहे. तो हात रंगात बुडवताना मी तिथे नव्हतो. नातवाचा हात बुडवताना होतो, आणि त्याच्या मधे न येणं मला सीमेवरच्या पहाऱ्यापेक्षा अवघड गेलं.

आता आमच्या गढीचं सांगतो. मराठ्यांचा अंमल या भागात १७८१ मध्ये आला, आधी सागरकरांचा, १७९८ पासून नागपूरकर भोसल्यांचा, आणि डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी जबलपूर घेतलं. पण त्याआधी हा मुलूख गोंड राजांचा. संग्रामशाहाचे बावन्न गढ सांगितले जातात आणि आमचा गढा त्यांची राजधानी. टेकडीवरच्या प्रचंड खडकावर उभा असलेला मदनमहाल आमच्या गच्चीवरून दिसतो. मी यंदा नातवाला काहीही सांगितलं नाही. त्याने दगडावर चिखलाचा एक गोळा थापला, वर बोट रोवून भोक पाडलं आणि गच्चीच्या दिशेने हात करून म्हणाला, "आबा, तो!"

माझ्या मोजमापाच्या रायगडाला दोन दिवस लागले होते. त्याच्या मदनमहालाला पाच मिनिटं. बुरूज नाही, दरवाजा नाही. मी दुरुस्तीला पुढे केलेला हात मागे घेतला. संध्याकाळी तो त्यावरही बसला आणि दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा नवा केला.

तेव्हा मंडळी, माती भिजवा, खळ शिजवा आणि आपले हात जरा पाठीमागे ठेवा. तुमच्या घरी थंडीत लहान मुलांबरोबर काय करायचे तेही आठवून ठेवा. पुढच्या भागात संग्रामशाहाच्या बावन्न गढांची फेरी सुरू करू. तोवर नमस्कार. जय हिंद.