नाकातील कपात

नाक चोंदणे ही क्षुद्र व्याधी समजली जाते. रात्रभर तोंडाने श्वास घेऊन सकाळी कोरड्या घशाने कचेरी गाठणाऱ्याचे मत मात्र निराळे असते. या व्याधीवरील उपचारांचा इतिहास आम्ही पाहू लागलो, तेव्हा तो मुख्यतः कपातीचाच इतिहास वाटला.

हिप्पोक्रेटिसच्या नावे असलेल्या ग्रंथांत स्पंजाचा गोळा दोऱ्याने बांधून नाकातून घशाकडे ओढावयाचा आणि वाटेतील मांसांकुर उपटावयाचे, अशी कृती आहे. सुश्रुताने अर्शावर औषध, क्षार, अग्नी व शस्त्र असे चार उपाय सांगितले; नासार्शही त्याला ठाऊक होते. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर याने कोकेनने डोळा बधिर करून दाखविला. ती युक्ती लवकरच नाकासही लागू झाली आणि शस्त्रवैद्यांचा हात मोकळा झाला. आमच्या मते जरा फारच मोकळा. फ्रीअर (१९०२) व किलियन (१९०४) यांनी वाकडा पडदा वरची त्वचा राखून सरळ करण्याची रीत घालून दिली, हा त्यातल्या त्यात संयम. परंतु नाकाच्या आतील भिंतीवर शिंपल्यासारख्या वळलेल्या ज्या घड्या असतात, त्यांतील खालची सुजून वाट अडविते म्हणून कित्येकदा समूळ छाटली गेली.

वस्तुतः या घड्या आत येणारी हवा ऊन व ओलसर करतात. त्या आळीपाळीने फुगतात व ओसरतात, हे कायझर या जर्मन वैद्याने १८९५ मध्येच नोंदविले होते. आपल्याकडे चंद्र व सूर्य नाडीची भाषा याच फेऱ्याविषयी आहे. घडी गमावलेल्यांपैकी काहींची वाट प्रशस्त झाली, तरी श्वास पुरेना. मेयो क्लिनिकमधील वैद्यांनी १९९४ मध्ये या तक्रारीस 'रिकाम्या नाकाचा विकार' म्हटले. वाहत्या हवेचा गारवा जाणणारी त्वचाच गेली, तर श्वास चालला आहे हे मनास कळावे कसे? काम न समजता पद रद्द केले की काय होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

१९९८ च्या सुमारास निराळी रीत पुढे आली. जागा बधिर करून सुईवाटे रेडिओलहरींची उष्णता घडीच्या पोटात देतात. वरची त्वचा शाबूत राहते व आतील भाग काही आठवड्यांत आकसतो. सुश्रुताचा अग्नी असा मवाळ होऊन परतला! कित्येकांची अडचण बाहेरच्या भिंतीत असते. ती श्वासासरशी आत ओढली जाते. गाल बोटाने बाजूस ओढताच मोकळे वाटले, तर तसा संशय घ्यावा. तिला आधार देणाऱ्या, कालांतराने विरघळणाऱ्या बारीक काडीस अमेरिकेत २०१६ मध्ये परवानगी मिळाली. पडदा फार वाकडा असेल, तर मात्र शस्त्रक्रियेवाचून सहसा भागत नाही. आणि आकसलेली घडी काही वर्षांनी पुन्हा सुजूही शकते.