हँडल मारण्याआधी

वडील भिलवडीच्या बाजूला, कृष्णाकाठच्या मळ्यात पाण्याचं इंजिन चालवायचे. हँडल मारून सुरू होणारं, पाच हॉर्सपॉवरचं. सातवीत असताना मी हँडल मागितलं, तर त्यांनी हातात चिंधी दिली. "आधी डिपस्टिक पूस. मग टाकीखालचा नट सोड, पाणी येतंय का बघ." सहा महिने मी पुसतच होतो.

आमच्या भागात नांगर-इंजिनांचे कारखाने आजोबांच्या काळापासूनचे. कुंडल रोड स्टेशनाशेजारचा माळ औंध संस्थानातला. १९१० मध्ये संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांच्या आधारानं लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथं लोखंडी नांगरांचा कारखाना थाटला. लोखंडी नांगरानं जमीन नासते, अशी तेव्हा समजूत. त्यामुळं नांगर विकायचा तर शेतकऱ्याशी बोलत राहणं भागच होतं. १९२० मध्ये निघालेली शंकरराव किर्लोस्करांची 'किर्लोस्कर खबर' ही पत्रिका आधी कारखान्याची बातमीदार होती, साहित्य नंतर आलं. साताऱ्यात धनजीशा कूपर नांगर करत, पुढं त्यांच्या कारखान्यानं इंजिनंही काढली.

नांगराचा फाळ झिजला की दिसतो. डिझेल इंजिनाचं दुखणं आत असतं. त्यात ठिणगी नसते, दाबानं तापलेल्या हवेत डिझेल पेटतं. नळीत हवा शिरली, नोझलला कचरा बसला, की हँडल मारून खांदा निखळेल पण इंजिन ढिम्म.

आतलं दुखणं वेळेआधी शोधावं, हे होडीवाले इंजिनाच्या आधीपासून जाणून होते. भुवनेश्वरीहून औदुंबरला माणसं नेणाऱ्या लाकडी होड्या उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठावर उपड्या पडायच्या. फटी बुजवायच्या, डांबर फासायचं, ते पूर यायच्या आत. भर पुरात भोक सापडून काय उपयोग?

पुढं मी कोयनेच्या शिवसागर जलाशयात, बामणोलीकडं लाँचच्या इंजिनांची कामं केली. तिथं इंजिनाची आणि होडीची, दोन्ही विद्या एकत्र लागतात. शाफ्ट लाँचबाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून पाण्याचे चार थेंब ठिबकायलाच हवेत. नवशिका ग्लँडमधली दोरी आवळून कोरडी करतो आणि शाफ्ट तापवून झिजवतो. एका श्रावणात तापोळ्याच्या वाटेवर लाँच मधोमध बंद पडली. मालक म्हणाला, इंजिन गेलं. मी टाकीखालचा नट सोडला, तर वाटीभर पाणी निघालं. डिझेलचं बॅरल पावसात उघडं राहिलं होतं. नळीतली हवा काढली आणि अर्ध्या तासात निघालो. मालकानं त्या दिवशी नवं बॅरल घेतलं, झाकण मात्र पुन्हा हरवलं.

यंदा खंडेनवमीला इंजिनाला हार घालाल, त्याआधी टाकीखालचा नट एकदा सोडून बघा.