हललेल्या फोटोची कुळकथा

फोटो 'हलला' की स्टुडिओवाला निमूट दुसरा काढायचा. आता काही छायाचित्रकार मुद्दामच शटर दोन-चार सेकंद उघडं ठेवतात, नाचणाऱ्या अंगाचा धूर होऊ देतात. ही खोड आली कुठून, ते बुलढाणा जिल्ह्यात चांगलं उमजतं.

अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला १८४४ मध्ये नेमलेला रॉबर्ट गिल पुढे कॅमेऱ्याच्या नादी लागला आणि १८६०च्या दशकात त्याने याच जिल्ह्यातल्या लोणारच्या देवळांचे फोटो काढले. तेव्हाचं काम ओल्या काचेवरचं. काचेवर कलोडियन ओतायचं, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची आणि लगोलग तंबूतल्या अंधारात धुवायची. वऱ्हाडच्या उन्हात काच वाळायला कितीसा वेळ! देवळाची उंची कळावी म्हणून त्या काळी खांबाशी माणूस उभा करत. त्याने मान वळवली की काचेवर तोंडाऐवजी डाग. लोणारच्या दैत्यसूदन देवळाच्या भिंतीवरच्या मूर्तींचं तसं नव्हतं. ऐन हालचालीत थांबलेल्या, तरी तसूभर न हलणाऱ्या. कॅमेऱ्याला इतकी आज्ञाधारक मंडळी दुसरीकडे कुठे मिळणार?

लोणारहून वीसेक किलोमीटरवर मेहकर. तिथे कंचनीच्या महालाची गोष्ट सांगतात. कंचनी नर्तकी. लोणारच्या कमळजादेवीचा दिवा आपल्या माडीवरून दिसावा म्हणून ती मजल्यावर मजला चढवत गेली, आणि देवीच्या कोपाने तिची शिळा झाली. मेहकरचेच कवी ना. घ. देशपांडे यांनाही या गोष्टीने ओढलं. 'कंचनीचा महाल' हे त्यांच्या संग्रहाचं नाव. मला मात्र कंचनीची गोष्ट वाचताना गिलची काच आठवते. नाचणारीला दगड केल्याशिवाय तिचं चित्र उमटणार नाही, हाच त्या काचेचाही नियम होता.

नियम मोडला तो फ्रान्समध्ये. एत्येन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये चालत्या माणसाच्या साऱ्या अवस्था एकाच काचेवर, एकावर एक उमटवल्या. त्याला कला करायची नव्हती, स्नायू समजून घ्यायचे होते. कोरड्या, झटपट काचा तोवर आल्याच होत्या. थिजवणं सोपं झालं, तेव्हा कुठे हललेलं चित्र आवडीने काढायची सोय झाली.

आज नाचत्या कंचनीचा फोटो कुणाला काढायचा असेल तर तिन्हीसांजेची वेळ धरावी, कॅमेरा तिकाटण्यावर पक्का बसवावा. नाचणारीचा रोवलेला पाय स्पष्ट येतो, फिरणारे हात विरतात. आणि शटर मिटता मिटता फ्लॅश मारला तर चेहरा तेवढा जागच्या जागी गोठतो.