गाडी हाक मारते कुणाला?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दिवाळीच्या पहाटे पहिला सुतळी बॉम्ब फुटला की आमच्या सोसायटीतल्या निम्म्या गाड्या एकदम ओरडू लागतात. एक रुग्णवाहिकेसारखी विव्हळते, दुसरी कोंबडीसारखी कलकलाट करते, तिसरी दर दहा सेकंदांनी सूर बदलते. खिडकीत मात्र कुणी येत नाही. ज्याची गाडी असते तोही, 'आपली नसेल' असं धरून चालतो आणि निवांत उटणं लावत राहतो.

हे मी दुसऱ्यांना हसण्यासाठी सांगत नाही. २००१ सालच्या पावसाळ्यात एका रात्री असाच भोंगा वाजला. मी जागा झालो, त्या गाडीवाल्याला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या, उशी कानावर ओढली आणि झोपलो. सकाळी खाली गेलो तर गाडी माझीच! मागची काच फुटलेली, टेप गेलेला आणि डिकीतली स्टेपनीही गायब. भोंग्याने आपलं काम चोख केलं होतं. ऐकणाऱ्याने केलं नव्हतं, आणि तो ऐकणारा मीच होतो.

तेव्हापासून एका प्रश्नाने माझा पिच्छा पुरवला आहे. उभ्या गाडीला परक्याने हात लावला, तर तिने हाक मारायची कुणाला? आळीला, मालकाला, की पोलिसाला? गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाचं उत्तर वरचेवर बदलत गेलं आहे.

मोटारगाडीच्या आधीचं उत्तर आपल्या गावगाड्यात होतं. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली एक अहवाल लिहिला. त्यात गावच्या जागल्याचं काम सविस्तर दिलं आहे. रात्री पहारा करायचा, गावात कोण आलं, कोण गेलं हे ध्यानात ठेवायचं, आणि चोरी झाली की चोराच्या पावलांचा माग काढायचा. हा माग शेजारच्या गावापर्यंत नेऊन तिथल्या जागल्याची खात्री पटवून दिली, की पहिल्याची जबाबदारी संपली. पुढचा पाठलाग दुसऱ्या गावाचा. ज्या गावात माग हरवेल, त्या गावाने चोरीच्या मालाची भरपाई करायची. आधी जागल्याने आपल्या ऐपतीप्रमाणे द्यायचं, उरलेलं गावावर बसायचं. हे काम कुठे महारांकडे, कुठे रामोशांकडे, तर कुठे भिल्लांकडे असे. ज्याच्याजवळ चोरीला जाण्यासारखं काही नाही, त्यानेच सगळ्यांचा माल राखायचा आणि गेला तर भरपाईही पहिल्यांदा त्यानेच करायची, हा त्यातला अन्याय नजरेआड करता येत नाही. पण हाक कुणाला मारायची, याबद्दल मात्र त्या व्यवस्थेत कुणाला शंका नव्हती.

मोटार आली आणि पावलांचा माग संपला. चोरलेली गाडी रातोरात दुसऱ्या मुलखात पोहोचू लागली. अमेरिकेत याचा इतका उपद्रव झाला, की चोरीची मोटार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणं हा केंद्र सरकारचा गुन्हा ठरवणारा कायदा १९१९ सालीच करावा लागला. कुलपंही सुधारत गेली. पश्चिम जर्मनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टिअरिंगचं कुलूप सक्तीचं केलं. अमेरिका आणि ब्रिटन त्या वाटेला गेले ते १९७० च्या सुमारास. पण कुलूप मुकं असतं. फोडणाऱ्याशी झुंजेल, आरडाओरडा करणार नाही.

म्हणून भोंगा आला. त्याची रचना साधी आहे. दार उघडलं की आतला दिवा लागतो आणि बॅटरीचा दाब किंचित उतरतो. तेवढा उतार ओळखून भोंगा वाजवायचा, ही एक युक्ती. दुसरी युक्ती धक्का ओळखणाऱ्या संवेदकाची. काचेवर ठोसा बसला की तो जागा होतो. अडचण अशी, की चोराचा ठोसा, शेजारून गेलेला ट्रक आणि आकाशातला गडगडाट यांतला फरक त्या बिचाऱ्याला कळत नाही. संवेदक नाजूक ठेवावा तर मांजर बसलं तरी बोंब, दांडगा ठेवावा तर चोर काम उरकून जातो. कॅलिफोर्नियात डॅरेल इसा नावाच्या उद्योजकाच्या कंपनीने 'वायपर' नावाचा बोलणारा अलार्म विकला. 'गाडीपासून दूर व्हा' असा दम देणारा आवाज खुद्द मालकाचाच होता. हेच गृहस्थ पुढे २००० साली अमेरिकन काँग्रेसवर निवडून आले. तिथेही त्यांना हा आवाज उपयोगी पडला असेल!

न्यूयॉर्क शहर या भोंग्यांनी इतकं कावलं, की त्यांच्याविरुद्ध नागरिकांची चळवळ उभी राहिली. भोंगा तीन मिनिटांत आपोआप बंद झाला पाहिजे, असा नियम करावा लागला. २००३ साली तिथल्या एका नागरी संस्थेने या भोंग्यांचा पंचनामा करणारा अहवालच काढला. त्याआधी, १९९७ मध्ये, विमा कंपन्यांचे आकडे तपासणाऱ्या संस्थेला असं आढळलं होतं, की अलार्म असलेल्या गाड्यांच्या चोरीच्या नुकसानीत एकंदर पाहता काही घट दिसत नाही. एका विमा कंपनीने लोकांना विचारलं, 'अलार्म ऐकू आला तर पोलिसांना फोन कराल का?' 'हो' म्हणणारे शेकड्यात एकही भरले नाहीत. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली. पण त्या गोष्टीत गावकरी दोनदा तरी धावून आले होते!

आळी ऐकत नाही, तर मग मालकालाच गाठावं, हा पुढचा विचार. सत्तर-ऐंशीच्या दशकांत अमेरिकेत गाडीचे पेजर निघाले. गाडीत एक छोटा रेडिओ प्रक्षेपक बसवायचा. मुलांच्या रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या मोटारी ज्या २७ मेगाहर्ट्‌झच्या लहरींवर चालतात, त्याच पट्ट्यात तो बोले. गाडीच्या रेडिओची एरियलच त्याला वापरता येई. मालकाच्या कमरेला लावलेली डबी टूं-टूं करू लागली, की ताटावरून उठायचं आणि पळायचं. मोकळ्या जागेत मैलभर जाणारा हा संदेश उंच इमारतींच्या गर्दीत मात्र वाटेतच विरून जाई. शिवाय डबी फक्त ऐकणारी. संदेश पोहोचला की नाही, हे गाडीला कळायचं साधन नव्हतं. आणि धावत खाली गेलेल्या मालकाने करायचं काय? चोराच्या हातात स्क्रूड्रायव्हर, आपल्या हातात नॅपकिन.

याच काळात मॅसॅच्युसेट्स राज्यात एका माणसाने उलट्या बाजूने विचार केला. विल्यम रेगन हे तिथल्या मेडफील्ड गावाचे एके काळचे पोलीस आयुक्त. त्यांचं 'लोजॅक' हे यंत्र १९८६ साली प्रत्यक्ष वापरात आलं. ते गाडीत कुठे बसवलंय, हे मालकालाही सांगत नसत. यंत्र एरवी गप्प. गाडी चोरीला गेल्याची फिर्याद पोलिसांच्या संगणकात नोंदली गेली, की रेडिओवरून त्याला जाग येई आणि पोलिसांच्या गाड्यांतले ग्राहक त्याचा सूर पकडत पकडत माग काढीत. एल्फिन्स्टनच्या अहवालातला माग पुन्हा अवतरला, फक्त धुळीत उमटण्याऐवजी हवेत.

लोजॅकची खरी गंमत अर्थशास्त्रज्ञांनी उलगडली. इयन एअर्स आणि स्टीव्हन लेविट यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं, की ज्या शहरांत हे यंत्र पसरलं तिथे एकूण मोटारचोऱ्याच बऱ्याच घटल्या. कारण सोपं आहे. यंत्र कुठल्या गाडीत आहे हे बाहेरून दिसत नाही, म्हणून चोर सगळ्याच गाड्यांना बिचकतो. पैसे खर्चणाऱ्या मालकाच्या वाट्याला एकूण फायद्याचा दहावा हिस्साही येत नाही, बाकीचा सगळा अनोळखी शेजाऱ्यांना मिळतो, असा त्यांचा हिशेब. याउलट स्टिअरिंगला लावलेला लाल-पिवळा दांडा किंवा काचेवर लुकलुकणारा दिवा चोराला एवढंच सांगतो, 'बाबा रे, पलीकडची गाडी बघ.' मी २००१ नंतर लगेच असा दांडा घेतला होता. शेजारच्या जोशीकाकांच्या गाडीला काहीच नव्हतं. त्यांना मी काय भेट दिली, हे मला लेविट वाचल्यावर उमगलं.

लोजॅकमध्ये एक उणीव होती. गाडी गेली आहे हे मालकाच्या ध्यानात यावं लागे, तोवर यंत्र झोपलेलं. ती उणीव मोबाईलने भरली. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९९६ साली 'ऑनस्टार' जाहीर केलं. गाडीतला फोन सरळ एका मदतकेंद्राशी जोडलेला. १ मे २००० च्या मध्यरात्री अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि शंभर मीटरचा घोळ दहा-वीस मीटरवर आला. म्हणजे गाडी कुठल्या आळीत आहे ते कळायचं, ते आता कुठल्या फाटकासमोर आहे ते कळू लागलं.

आपल्याकडे मोबाईलवरचं पहिलं संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून झालं. पुढे फोन स्वस्त झाले तसे सिमकार्ड घातलेले अलार्म बाजारात आले. हलक्या धक्क्याला एसएमएस, जोराच्या धक्क्याला थेट फोन. आपल्या माणसांनी त्यातही काटकसर शोधली. गाडीने फोन लावायचा, आपण उचलायचा नाही! गाडीचा मिस्ड कॉल आला की समजायचं, कुणीतरी हात लावतोय. मुलगी होस्टेलवर सुखरूप पोहोचली हे सांगणारा आणि गाडी धोक्यात आहे हे सांगणारा मिस्ड कॉल दिसायला सारखाच, फक्त नाव वेगळं. आपल्याकडे चोरीला जाणाऱ्या वाहनांत दुचाकी जास्त असतात, आणि दुचाकीला हे यंत्र लावलं की दुसरंच दुखणं. पंधरा दिवस उभी राहिली की तिच्या छोट्या बॅटरीतला जीव तेच यंत्र पिऊन टाकतं. तळघरातल्या पार्किंगमध्ये तर रेंजच नसते. गाडी हाक मारते आणि ती वरच्या स्लॅबला आपटून परत येते.

दरम्यान चोरीला खरा लगाम घातला तो एका अबोल वस्तूने. किल्लीच्या मुठीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारा इमोबिलायझर युरोपीय संघात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना सक्तीचा झाला. व्हान आउर्स आणि व्होलार्ड या संशोधकांच्या मते त्यामुळे १९९५ ते २००८ या काळात मोटारचोरीचं प्रमाण सरासरी चाळीस टक्क्यांनी उतरलं. ज्यांनी तो बसवला नाही त्यांची गत पुढे दिसली. अमेरिकेत किया आणि ह्युंदाईच्या काही गाड्या त्याच्याशिवाय विकल्या गेल्या होत्या. २०२१-२२ मध्ये पोरंटोरं त्या यूएसबी केबलच्या टोकाने सुरू करून पळवू लागली.

मग हाक मारणाऱ्या गाडीची गरज संपली का? तर नाही. २०११ साली झुरिचच्या संशोधकांनी बिनकिल्लीच्या दहा मोटारी घेतल्या आणि घरात ठेवलेल्या किल्लीची रेडिओ लहर दोन एरियलांमधून गाडीपर्यंत नेऊन त्या उघडून दाखवल्या. काच फुटत नाही, धक्का बसत नाही. गाडीला वाटतं, मालकच आला. अशा वेळी दुसऱ्या वाटेने मालकाला विचारणं भाग असतं, 'तूच का रे तो?' आजच्या नव्या गाड्या मोबाईलवर नेमकं हेच विचारतात.

पण अशी गाडी आपल्या मालकाचीही खबर ठेवते. आपण कुठे गेलो, किती वेळ थांबलो, हे कुठल्याशा सर्व्हरवर साठतं. आपल्याकडे १ जानेवारी २०१९ पासून नव्या प्रवासी बस-टॅक्सींना ठावठिकाणा सांगणारं यंत्र आणि धोक्याचं बटण सक्तीचं झालं. प्रवासी बायकांच्या सुरक्षेसाठी ते हवंच. पण हीच पाळत घरच्या गाडीवर नवऱ्याने बायकोवर ठेवली तर? एअरटॅगसारख्या स्वस्त बिल्ल्यांनी हा पेच उघडा पाडला. न्यूयॉर्कच्या महापौरांनी २०२३ मध्ये ब्रॉन्क्स भागात गाड्यांत लपवण्यासाठी असे ५०० बिल्ले फुकट वाटले. पण कुणी कुणाचा छुपा पाठलाग करू नये म्हणून हा बिल्ला सोबत फिरणाऱ्या अनोळखी माणसाच्या फोनवरही सूचना पाठवतो. म्हणजे चोरालाही कळतं, की आपला माग निघतो आहे. दोन्ही भीती खऱ्या आहेत, आणि एकीचा बंदोबस्त केला की दुसरी मोकळी सुटते. मला विचाराल तर मी बायकोच्या बाजूने कौल देईन. गाडी गेली तर विमा आहे.

अलीकडेच मी नागपूरला होतो. रात्री अडीच वाजता फोन थरथरला. पुण्यात उभ्या असलेल्या माझ्या गाडीला कुणीतरी हलवलं होतं. सातशे किलोमीटरवरून मी काय करणार? ११२ ला लावावा तर सांगणार काय? शेवटी सोसायटीच्या वॉचमनला फोन केला. पाचव्या घंटीला उचलला. 'मामा, जरा खाली गाडीजवळ बघून येता का?' म्हटलं. चपलांचा आवाज ऐकू आला, विजेरी खटकन लागली, मग बराच वेळ काही नाही.

'साहेब,' मामा म्हणाले, 'बॉनेटवर मांजर हाय. पिलं बी हायेत. हाकलू का ऱ्हाऊ देऊ?'